व्यसन सुटल्यानंतरची पहिली मात्रा

इच्छाशक्ती असेल तर कोणतेही व्यसन सुटते, असे आपण सहज बोलून जातो. मॉर्फीन, हेरॉइन, फेंटानिल यांसारख्या ओपिऑइड द्रव्यांच्या बाबतीत मात्र हे वाक्य पेशीच्या पातळीवरच लंगडे पडते. ही द्रव्ये मेंदूतील पेशींवरच्या ज्या ग्राहींना, म्हणजे रासायनिक निरोप टिपणाऱ्या प्रथिनांना (रिसेप्टर), चिकटतात, ते १९७३ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले गेले आणि १९७५ मध्ये शरीर स्वतःच बनवत असलेले तशाच प्रकारचे द्रव्य, एन्केफॅलिन, सापडल्यावर ते ग्राही मुळात कशासाठी आहेत, हेही उमगले.

मेंदूच्या खोडात लोकस सेरुलियस नावाचा चेतापेशींचा एक चिमुकला पुंजका आहे. आपल्याला जागे आणि सावध ठेवणारे नॉरअॅड्रेनलिन मेंदूभर पोहोचवणे, हे त्याचे काम. मॉर्फीन ग्राहीला चिकटले की या पेशींमधील सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू कमी तयार होतो आणि पेशी मंदावतात. मॉर्फीन रोजच येऊ लागले, की पेशी तो रेणू घडवणारी विकरे (एन्झाइम) वाढवून आपला तोल सावरतात; त्यामुळे तीच मात्रा अपुरी पडू लागते. अशा वेळी मॉर्फीन एकाएकी थांबले, तर वाढलेली विकरे तशीच कामाला जुंपलेली राहतात, सायक्लिक एएमपी उसळते आणि पुंजका बेफाम होतो. नशेत टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंगावर काटा येतो, घाम फुटतो, झोप उडते. यातील एकही गोष्ट निश्चयाने थांबवता येत नाही.

हा वादळी काळ साधारण आठवड्याभरात ओसरतो, आणि ‘सात दिवसांत व्यसनमुक्ती’च्या जाहिराती नेमके हेच ओसरणे आपल्या पुडीच्या नावावर खपवतात. खरा धोका त्यानंतरचा आहे. शरीराची सहनशीलता उतरलेली असते, ओढ मात्र उतरलेली नसते. म्हणून पूर्वी पचणारी मात्रा आता मेंदूच्या खोडातील श्वसनाची लय थांबवू शकते. नॅलॉक्सोन हे औषध काही मिनिटांत ओपिऑइडला ग्राहीवरून हुसकावते, पण त्याचा अंमल बहुधा ३० ते ९० मिनिटेच टिकतो, त्यामुळे शुद्धीवर आलेल्या रुग्णाचा श्वास पुन्हा मंदावू शकतो आणि त्याला एकटे सोडता येत नाही.

या व्यसनाच्या उपचारात दिल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन या ओपिऑइड औषधाला ‘एका नशेच्या जागी दुसरी नशा’ म्हणून हिणवले जाते. प्रत्यक्षात ते ग्राहीला घट्ट धरून ठेवते, पण अर्धवटच चेतवते. त्यामुळे पुंजका शांत राहतो आणि वरून घेतलेल्या हेरॉइनला ग्राहीवर फारशी जागा उरत नाही.