४३१००१ च्या पोटात काय आहे?

४३१००१ हा छत्रपती संभाजीनगरच्या मुख्य पोस्ट ऑफिसचा पिनकोड. पाकिटावर लिहिला की आपलं त्याच्याशी काम संपतं. पण निव्वळ संख्या म्हणून तो उकलायला घेतला तर आत बरंच काही सापडतं, आणि त्यासाठी कागद-पेन्सिल पुरते.

अंकांची बेरीज ९ येते, म्हणजे ९ ने भाग जाणार. इथेच पुष्कळ जण घाई करतात आणि २७ नेही जाईल असं धरून चालतात. २७ ची कसोटी वेगळी आहे. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची बेरीज करायची, कारण ९९९ = २७ × ३७. इथे ४३१ + १ = ४३२, म्हणजे २७ × १६. भाग गेला! सोलापूरच्या ४१३००१ ची अंकबेरीजही ९ च, पण ४१३ + १ = ४१४ ला २७ ने भागलं की ९ उरतात.

हे दोन पिनकोड शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. ३ आणि १ ची अदलाबदल झाली की संभाजीनगरचं पाकीट सोलापूरचं होतं, आणि नवाच्या कसोटीला ही चूक कधीच दिसत नाही. दोन्हींतला फरक १८०००, म्हणजे नवाच्या पटीतला. अंकांची जागा कशीही बदला, फरक नवाच्या पटीतच येतो. अकराची कसोटी मात्र चूक पकडते. उजवीकडून अंक आळीपाळीने मिळवत-वजा करत गेलं की ४३१००१ ला –१ येतो, ४१३००१ ला –५. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक अशा चुका पकडण्यासाठीच ठेवलेला असतो. पिनकोडमध्ये तशी सोय नाही.

आता अवयव. ९ ने दोनदा भागलं की ५३२१ उरतात. ७३ चा वर्ग ५३२९, म्हणून ७१ च्या पुढच्या मूळ संख्या तपासायची गरजच नाही. ७ ने बाकी १, ११ ने ८, १३ ने ४, आणि १७ ने पूर्ण भाग: ३१३. ही मूळ संख्या आहे. म्हणून ४३१००१ = ३⁴ × १७ × ३१३, आणि विभाजक ५ × २ × २ = २०.

सगळ्यात सुंदर भाग पुढे आहे. १७ = १² + ४² आणि ३१३ = १२² + १३². अशा दोन बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, हे ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात मांडलं. त्याच्या सूत्रात एक चिन्ह बदललं की दुसरी जोडी मिळते: ५३२१ = ४०² + ६१² = ६४² + ३५². ८१ हा ९ चा वर्ग, म्हणून प्रत्येक संख्या ९ ने गुणायची:

३६०² + ५४९² = ४३१००१
५७६² + ३१५² = ४३१००१

या संख्या फुटांत धरा. ३६० × ५४९ आणि ५७६ × ३१५ अशी दोन आयताकृती शेतं. दोन्हींचा कर्ण तंतोतंत सारखा, साधारण ६५६.५ फूट. क्षेत्रफळ मात्र १,९७,६४० आणि १,८१,४४० चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, तेव्हा फरक जवळजवळ १५ गुंठ्यांचा. नुसत्या कर्णाला टेप लावून शेताचं क्षेत्र कळत नाही. एक बाजू तरी मोजावीच लागते.