पसंतीक्रम मतदान (लंडन, ऑन्टारिओ)

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या लंडन शहराने २२ ऑक्टोबर २०१८ रोजी महापौर आणि चौदा नगरसेवक निवडताना वापरलेली मतदानपद्धत. मतदाराने एकाच उमेदवाराला मत न देता जास्तीत जास्त तिघांना पसंतीचा क्रम द्यायचा, असे तिचे स्वरूप होते. अलीकडच्या काळात कॅनडात हा मार्ग घेणारे लंडन हे पहिले शहर. विनिपेग महापालिकेत १९२० ते १९७१ पर्यंत पसंतीक्रमाने मतदान होई. त्यानंतर ही पद्धत देशातून जवळजवळ नाहीशी झाली होती. लंडनमध्येही ती एकाच निवडणुकीपुरती टिकली. २०२० साली प्रांतिक सरकारने कायदा बदलून ती बंद केली.

थेम्स नदीकाठचे लंडन हे टोरांटो आणि डेट्रॉइट यांच्या दरम्यानचे मध्यम आकाराचे शहर आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४,२२,३२४. वेस्टर्न विद्यापीठ आणि फॅनशॉ कॉलेज येथेच आहेत. महापौर थेट मतदारांतून निवडला जातो आणि चौदा वॉर्डांतून प्रत्येकी एक नगरसेवक येतो. मुदत चार वर्षांची असते. ऑन्टारिओत महापालिकेच्या मतपत्रिकेवर पक्षाचे नाव किंवा चिन्ह नसते, त्यामुळे उमेदवाराला स्वतःच्या नावावरच मते मागावी लागतात. पक्षाची खूण नाही, वॉर्डात पाच-सहा जण उभे आणि मतदान कमी, अशा स्थितीत एक-तृतीयांश मतांवरही विजय मिळू शकतो. पसंतीक्रमाची मागणी मुख्यतः यातूनच पुढे आली.

आधीच्या काही वर्षांच्या घडामोडींनीही तिला जोर मिळाला. संपूर्ण शहरातून निवडलेल्या चार नियंत्रकांचा समावेश असलेले महापालिकेचे जुने नियंत्रक मंडळ २०१० च्या निवडणुकीपासून रद्द झाले. २०१४ साली तत्कालीन महापौर जो फॉन्टाना फसवणुकीच्या खटल्यात दोषी ठरून पायउतार झाले. त्याच वर्षी निवडून आलेल्या सभागृहात नवे चेहरे बरेच होते. प्रांताने २०१६ च्या कायद्याने पालिकांना पसंतीक्रमाची मुभा दिली, मात्र पुढच्या निवडणुकीसाठी उपविधी १ मे २०१७ पर्यंत मंजूर करण्याची अट घातली. त्याआधी नागरिकांसाठी माहितीसत्र आणि जाहीर सुनावणी घेणे बंधनकारक होते. प्रांतातील चारशेहून अधिक पालिकांपैकी केवळ लंडनने मुदतीत हा निर्णय घेतला.

मतपत्रिकेवर पहिली, दुसरी आणि तिसरी पसंती असे तीन रकाने होते. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात नावापुढे आकडा लिहितात आणि हवे तितके पसंतीक्रम देता येतात. लंडनमध्ये आकडा लिहायचा नव्हता, रकान्यात खूण करायची होती आणि मर्यादा तीनची होती. एकालाच पसंती देऊन थांबले तरी मत वैध. एकाच उमेदवाराला तिन्ही रकान्यांत खूण केल्यास ते एकच मत धरले जाई, त्याने त्या उमेदवाराचे बळ वाढत नसे. एकाच रकान्यात दोघांना खूण केली तर ती पसंती मोजता येत नसे. त्याच दिवशी निवडल्या जाणाऱ्या शाळा मंडळाच्या विश्वस्तांना ही पद्धत लागू नव्हती, त्यामुळे मतदाराला एकाच भेटीत दोन नियम सांभाळावे लागले. समजावून सांगताना सर्वांत अवघड भाग हाच होता.

मोजणीचे गणित काल्पनिक आकड्यांनी पाहू. एका वॉर्डात १,००० वैध मतपत्रिका आहेत. पहिल्या पसंतीत क ला ३८०, ख ला २९०, ग ला २१० आणि घ ला १२० मते पडली. निम्म्याहून अधिक कोणालाच नाहीत, म्हणून तळाचा घ बाद. त्याच्या १२० मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहिली: ३० क कडे, २५ ख कडे, ४५ ग कडे गेली. उरलेल्या २० वर दुसरे नावच नाही, त्या संपल्या. आता क ४१०, ख ३१५, ग २५५. मग ग बाद. त्याच्या गठ्ठ्यातून ७० क ला, १३० ख ला मिळाली आणि ५५ संपल्या. शेवटी क ४८०, ख ४४५. क विजयी. शिल्लक ९२५ मतांपैकी त्याला जवळजवळ ५२ टक्के आहेत, पण मूळ हजारांपैकी ४८ टक्केच. ‘विजेत्याला बहुमत मिळतेच’ असे या पद्धतीचे समर्थक सांगतात, तेव्हा ते बहुमत शिल्लक मतांचे असते हे स्पष्ट सांगायला हवे. उमेदवार जितके जास्त आणि पसंती जितक्या कमी, तितक्या मतपत्रिका लवकर संपतात. महापौरपदासाठी त्या वर्षी चौदा उमेदवार होते आणि पसंती तीनच. प्रयोगाचा खरा कच्चा दुवा इथे होता.

मतपत्रिका यंत्राने वाचल्या गेल्या. मतदानाच्या रात्री पहिल्या पसंतीचे आकडे जाहीर झाले; जिथे कोणाला स्पष्ट बहुमत नव्हते तिथल्या पुढच्या फेऱ्या दुसऱ्या दिवशी झाल्या. महापौरपदाचाही निकाल तेव्हाच लागला आणि एड होल्डर निवडून आले. वॉर्ड १३ मधून एरिएल कायाबागा विजयी झाल्या. लंडनच्या सभागृहात निवडून आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. २०२१ मध्ये त्या खासदार झाल्या.

पंधराही जागांवर पहिल्या फेरीत पुढे असलेलाच उमेदवार अखेर जिंकला. मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न विरोधकांनी केला. जादा खर्च सुमारे ५ लाख डॉलरचा होता. पण त्यात मतदारांना माहिती देणे आणि संगणक प्रणाली तपासून घेणे असे पहिल्याच वेळचे खर्च होते, ते दरवेळी तेवढेच आले नसते. शिवाय निकाल बदलणे हे या पद्धतीचे एकमेव उद्दिष्ट नव्हते. प्रतिस्पर्ध्याच्या मतदाराकडे दुसरी पसंती मागायची असेल तर त्याच्या उमेदवारावर चिखलफेक करून चालत नाही. प्रचाराची अशी सवय एका निवडणुकीत मोजता येत नाही. किमान तीन निवडणुका तरी हव्या होत्या.

लंडनच्या मतदानाच्या दिवशीच किंगस्टन आणि केंब्रिज या शहरांत पसंतीक्रमावर सार्वमत झाले. दोन्हीकडे होकार मिळाला, पण मतदान निम्म्याहून कमी झाल्याने कौल बंधनकारक ठरला नाही. तरीही दोन्ही शहरे २०२२ साठी विचार करत होती. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रांतिक विधिमंडळाने विधेयक क्र. २१८ मंजूर केले आणि तो मार्ग बंद झाला. विधेयकाचा मुख्य विषय कोविडकाळातील दायित्वापासून संरक्षण देण्याचा होता. निवडणूक पद्धतीचा बदल त्यातच जोडला गेला. ज्या शहराने सुनावण्या घेऊन, खर्च करून ही पद्धत राबवली, त्याचा निर्णय असा मागे घेणे अन्यायाचे होते. कायद्याने मात्र प्रांताला तो अधिकार आहे: १८६७ च्या संविधान कायद्यानुसार पालिका हा प्रांताचा विषय आहे. याच प्रांताने २०१८ मध्ये टोरांटोची निवडणूक सुरू असताना वॉर्ड ४७ वरून २५ वर आणले आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते वैध ठरवले. राज्य सरकार बदलले की प्रभाग एकसदस्यीय की बहुसदस्यीय हेही बदलते, हे पाहिलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला ही अडचण लगेच कळेल.

मतदानाचा हक्क १८ वर्षांवरील कॅनेडियन नागरिकांनाच आहे. कायम निवासी परवाना असलेली व्यक्ती कर भरत असली तरी मत देऊ शकत नाही. त्यामुळे फॅनशॉ किंवा वेस्टर्नमध्ये शिकून तिथेच स्थिरावलेल्या अनेक भारतीयांना २०१८ मध्ये मत नव्हते. उलट शहराबाहेर राहणारा, पण लंडनमध्ये घर किंवा जागा असणारा नागरिक तिथे मत देऊ शकतो.

२४ ऑक्टोबर २०२२ ची निवडणूक पुन्हा जुन्या पद्धतीने झाली आणि जॉश मॉर्गन मोठ्या फरकाने महापौर झाले. २०१८ मध्ये सुमारे ४० टक्के असलेले मतदान पाव हिश्श्याच्या आसपास उतरले. २०२२ मध्ये मतदान प्रांतभर घटले होते, तेव्हा या घसरणीचे खापर केवळ पद्धतबदलावर फोडता येत नाही. पण पसंतीक्रमाच्या गोंधळाने लोक घरी बसतील, ही २०१७ मध्ये व्यक्त झालेली भीतीही या आकड्यांतून सिद्ध होत नाही.