गुडघ्यातलं वंगण आणि मिठाचं पाणी

"गुडघ्यातलं वंगण संपलंय म्हणे. इंजेक्शननं भरता येतं," मावशी फोनवर म्हणाली. स्कूटर सर्व्हिसिंगला टाकावी तसा सूर होता. 'वंगण' हा शब्द पेशंटला एका क्षणात पटतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

वंगण असतं हे खरं. निरोगी गुडघ्यात ते चमचाभरही नसतं. त्याचा एक थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच लांबवली, तर पाकाची तार धरावी तशी लांब तार निघते. सांधा झिजला की हा पाक पातळ होतो, तार लगेच तुटते. हा चिकटपणा येतो हायल्युरॉनिक आम्लामुळे. 1934 मध्ये कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातून वेगळं काढलं. पुढे औषधासाठी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून मिळवायला लागले (आता जिवाणूंकडूनही बनवून घेतात). 1997 मध्ये अमेरिकेत गुडघ्यासाठी त्याला परवानगी मिळाली. पातळ झालेल्या पाकात घट्ट पाक ओतायचा, इतका सरळ हिशेब.

पण गुडघा म्हणजे डबा नव्हे. बाहेरून घातलेलं हे जेल काही दिवसांतच शोषलं जातं. शिवाय हाडांच्या टोकांवरच्या ज्या गुळगुळीत कूर्चेची झीज होते, तिच्यात मज्जातंतूच नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड आणि सांध्याचं सुजलेलं अस्तर. एक्स-रेमध्ये भरपूर झीज दिसते आणि माणूस मजेत पर्वती चढतो, उलटंही होतं. ते यामुळेच.

मग इंजेक्शननं किती फरक पडतो? 2022 मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 169 चाचण्यांचा, म्हणजे 21 हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा आला. वेदना मोजायला 100 मिलिमीटरची रेघ वापरतात: एका टोकाला काहीच दुखत नाही, दुसऱ्या टोकाला असह्य. खोट्या इंजेक्शनशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्यांत जेलमुळे जास्तीचा फायदा झाला सुमारे 2 मिलिमीटरचा. मोजपट्टी घेऊन बघा एकदा. गंभीर दुष्परिणामही जेल घेणाऱ्यांत थोडे जास्त आढळले.

आता गंमत त्या खोट्या इंजेक्शनची. त्यात बहुधा सलाइन असतं, निव्वळ मिठाचं पाणी, आणि ते घेणाऱ्यांनाही चांगला आराम पडतो. कारणं बरीच. माणूस दवाखान्यात जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, त्यामुळे पुढे ते थोडं उतरणारच. त्यात डॉक्टर, सुई, खर्च, कुणीतरी आपल्यासाठी काही केलं ही भावना. हा आराम खोटा नसतो. फक्त त्याचं श्रेय औषधाचं नसतं. 'मला इंजेक्शन लागू पडलं' असं शेजारच्या काकू सांगतात तेव्हा त्या खरंच बोलत असतात.

सध्याचं लाडकं पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) हे इंजेक्शनही याच पाण्यापुढे अडखळलं. आपलंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, बिंबिकांनी (म्हणजे प्लेटलेट्सनी) दाट झालेला पिवळसर भाग गुडघ्यात सोडायचा. 'आपल्याच शरीरातलं' म्हटलं की आपल्याला ते निर्धोक वाटतं. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात 288 जणांवर चाचणी झाली. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना सलाइन, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं. वर्षानंतर दहापैकी वेदनेचा आकडा पीआरपीनं 2.1 ने उतरला, सलाइननं 1.8 ने. हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतका किरकोळ. कूर्चेची झीजही दोन्हीकडे सारखीच. काही लहान चाचण्या पीआरपीच्या बाजूनं बोलतात, पण हजारो रुपये मोजायला मी तरी तयार होणार नाही.

स्टिरॉइडची गोष्ट वेगळी. 1951 मध्ये अमेरिकेत जोसेफ हॉलंडर यांनी सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन देण्याचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हापासून ते वापरात आहे. ते झीज भरत नाही, सूज उतरवतं, आणि थोडे आठवडे खरोखर बरं वाटतं. घरात लग्न आहे, गुडघा टम्म फुगलाय, पाय टेकवत नाही, अशा वेळी एक इंजेक्शन शहाणपणाचंच. दर तीन महिन्यांनी घेत राहिलं तर मात्र गणित फिरतं. 2017 च्या चाचणीत 140 जणांना दोन वर्षं दर 12 आठवड्यांनी स्टिरॉइड किंवा सलाइन दिलं. स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली, आणि शेवटी वेदनेत मोठा फरकही नव्हता. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही तर आपण विचारावं. सांधा बदलायचा बेत असेल तर आधीचे तीन महिने हे इंजेक्शन टाळतात, कारण जंतुसंसर्गाची भीती.

2020 मध्ये 156 रुग्णांच्या चाचणीत स्टिरॉइडची गाठ फिजिओथेरपीशी घातली. वर्षाअखेर दुखणं आणि हालचाल मिळून व्यायामवाले बरेच पुढे होते. वजनाचंही तसंच: एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

हे सगळं मावशीला सांगितलं. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "अरे, मग मला ते मिठाचं पाणीच द्यायला सांग ना. स्वस्तही पडेल."

म्हटलं, "अगं, पण आता तुला ते काय आहे ते कळलंय."

"मेल्या, मग सांगितलंस कशाला!" सोमवारपासून ती फिजिओकडे जातेय. मांडीचे स्नायू फार दुखतात, अशी तक्रार आहे. गुडघ्याबद्दल अजून काही बोललेली नाही.