दोन भुंगेऱ्यांची तोंडे

भुंगेऱ्यांच्या आजवर सुमारे ४ लाख जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या दोन शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत: भूमध्य समुद्राभोवतीच्या वालुकामय भागातला शेणभुंगेरा, स्कॅराबियस सेसर, आणि युरोप व उत्तर आशियातल्या तळ्यांत राहणारा पाणभुंगेरा, डायटिस्कस मार्जिनॅलिस. दोघेही साधारण ३ सेंटिमीटर लांबीचे. पण पहिल्याचे पोट जनावरांच्या शेणावर भरते, तर दुसरा बेडूकमासे आणि लहान मासे धरून खातो.

पायांवरूनच दोघांचे जगणे ओळखता येते. शेणभुंगेऱ्याचे पुढचे पाय रुंद, दातेरी आणि खणण्याजोगे असतात. एरवी भुंगेऱ्यांच्या पायांच्या टोकाला असणारे सांधेदार पाऊल त्यांना नसतेच. डोके खाली घालून तो मागच्या पायांनी शेणाचा गोळा ढकलत उलटा चालतो. (याच गोळ्यात प्राचीन इजिप्तमधल्या लोकांना आकाशात सरकणारा सूर्य दिसला.) पाणभुंगेऱ्याचे मागचे पाय चपटे व केसांची झालर असलेले, म्हणजे चक्क वल्हीच असतात. नराच्या पुढच्या पावलांवर चूषक चकत्या असतात आणि मीलनाच्या वेळी मादीच्या पाठीवरची पकड तो त्यांनी टिकवतो. श्वासासाठी तो शरीराचे मागचे टोक पाण्याबाहेर काढतो आणि पंखांखाली हवा भरून घेऊन पुन्हा बुडी मारतो.

मला मात्र खरी गंमत त्यांच्या तोंडांत वाटते. प्रौढ शेणभुंगेरा चावतच नाही. त्याचे जबडे पापुद्र्यासारखे मऊ असतात, त्यामुळे ओल्या शेणातले जाड तंतू बाजूला सारून तो जिवाणूंनी भरलेले अतिबारीक कण तेवढे गिळतो. टाकाऊ ठरलेला चोथा चावणारे मजबूत जबडे असतात ते त्याच्या अळीला. मादी जमिनीखाली शेणाचा नासपतीच्या आकाराचा गोळा करते आणि त्याच्या निमुळत्या टोकात एकच अंडे घालते. अळी तो गोळा आतून पोखरत वाढते.

पाणभुंगेऱ्यात सारे उलटे आहे. प्रौढ भुंगेरा भक्ष्याचे लचके तोडून चावून खातो. अळीचे विळ्यासारखे जबडे मात्र आतून पोकळ असतात. ते रुतवून ती भक्ष्याच्या शरीरात पाचक रस सोडते आणि विरघळलेले मांस त्याच वाटेने शोषून घेते. कोषात जाण्यासाठी तिला पाणी सोडून काठच्या ओल्या मातीत कोठडी करावी लागते. शेणभुंगेऱ्याच्या अळीला कुठेही जावे लागत नाही. खाऊन पोकळ केलेल्या गोळ्यातच तिचा कोष होतो.