कादंबरीतलं पात्र बदलायला कधी लागलं?

कादंबरी संपेपर्यंत नायक पहिल्या पानावरचा राहिलेला नसतो, हे आज आपण गृहीतच धरतो. पण ही रीत रुळायला फार काळ गेला. प्राचीन ग्रीक प्रेमकथांत प्रेमिकांची ताटातूट होते, चाचे त्यांना पळवतात, गुलाम म्हणून विकतात. शेवटी भेटतात तेव्हा दोघंही जसेच्या तसे! त्या कथांतला काळ माणसावर ओरखडाही उमटवत नाही, यावर रशियन अभ्यासक मिखाईल बाख्तिन यांनी नेमकं बोट ठेवलं.

सर्व्हान्तेसच्या 'डॉन क्विक्झोट'चे दोन भाग १६०५ आणि १६१५ साली आले. त्यात शूर सरदारांच्या कथा वाचून वेडावलेला नायक भानावर येतो तो अगदी मृत्युशय्येवर, एका झोपेनंतर. मला त्याच्यापेक्षा त्याचा सेवक सांको पान्झा मोलाचा वाटतो, कारण धन्याच्या सहवासात तो हळूहळू त्याच्यासारखा बोलू लागतो. १७१९च्या 'रॉबिन्सन क्रूसो'त बदलाचा साचा प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या) आत्मकथनांचा आहे: पाप, संकट, पश्चात्ताप. तापाने फणफणलेला रॉबिन्सन बायबल उघडतो. पण हे सारं तोच सांगतो, आपण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. पुढे १७९५-९६मध्ये गटेने 'विल्हेल्म माइस्टर'मध्ये तरुणाची जडणघडण हाच कादंबरीचा विषय केला.

खरी कलाटणी मात्र मला जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) दिसते. नायिका एलिझाबेथला डार्सी मुळीच आवडत नसतो; त्याचं पत्र ती आधी घाईघाईने, सगळं खोटंच असणार असं ठरवून वाचते. घडी घालून ठेवते आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा उघडते. मग तिला आठवतं, डार्सीची निंदा करणाऱ्या विकमने आपली सगळी कहाणी पहिल्याच ओळखीत, एका परक्या मुलीला सांगितली होती. त्यात काही वावगं आहे हे तेव्हा का खटकलं नाही? बाहेर काहीच घडत नाही, तरी ती बदलते. निवेदन तृतीयपुरुषी, पण वाक्यांतला सूर तिचा. 'ती बदलली' असं कुणी सांगावं लागत नाही, ते आपल्यासमोर होतं. ऑस्टेनने या निवेदनपद्धतीवर मोठी पकड मिळवली; याच पद्धतीने पुढच्या कादंबरीकारांनाही मनातली हालचाल टिपता आली.

१८६९मध्ये फ्लोबेअरने याच साधनाने उलटं काम केलं. 'सेंटिमेंटल एज्युकेशन'चा फ्रेडरिक प्रेम, पैसा, क्रांती सगळ्यातून जातो. शेवटी तो आणि त्याचा मित्र पोरवयातली एक फसलेली फेरी आठवतात आणि दोघांचंही एकमत होतं, आपल्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं तेच.