मुरुमे मळामुळे येत नाहीत

‘मुरुमे मळाने येतात, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुवा’ हा सल्ला नाशिकमध्ये पावसाळ्याची दमट हवा सुरू झाली की हमखास फिरू लागतो. घामाने चेहरा चिकट झालेला असताना तो पटणे स्वाभाविकच आहे. मात्र मुरूम त्वचेच्या वर नव्हे, तर केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्रात तयार होतो. तेथे तेल आणि मृत पेशी यांचा बोळा अडकतो, जिवाणू वाढतात आणि सूज येते. साबण तिथवर पोहोचत नाही. नाकावरचा काळा ठिपकासुद्धा मळ नसतो, म्हणूनच तो घासून जात नाही.

वारंवार साबण लावणे त्वचेला का मानवत नाही, याची पडताळणी घरीही करता येते. शाळेच्या प्रयोगशाळेतला लाल लिटमस कागद अंगाच्या नेहमीच्या साबणाच्या फेसात बुडवला, तर तो बहुधा निळा होतो, म्हणजे साबण आम्लारिधर्मी असतो. निरोगी त्वचा मात्र किंचित आम्लधर्मी, साधारण ५ सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) असलेली असते. वारंवार धुतल्यावर गाल ओढल्यासारखे होतात आणि आग होते, ते त्वचेचे संरक्षक आवरण दुखावल्यामुळे.

सौम्य फेसवॉशने सकाळी, रात्री आणि द्राक्षबागेतून किंवा कारखान्यातून घामाघूम होऊन आल्यावर चेहरा धुणे पुरेसे आहे. तरीही मुरुमे राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. त्यांनी दिलेल्या मलमाचा गुण दिसायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, तोवर ते मध्येच सोडू नये.