लायपोसक्शन म्हणजे वजन उतरवण्याचा सोपा मार्ग?

‘लायपोसक्शन केलं की वजन झटक्यात उतरतं आणि चरबी पुन्हा येत नाही,’ असा संदेश अनेक वर्षं फिरतो आहे.

लायपोसक्शन म्हणजे त्वचेखाली नळी घालून चरबी शोषून काढणं. आधी वजनाचा हिशेब पाहू. एका वेळी साधारण ५ लिटरपर्यंतच ऐवज काढणं सुरक्षित मानतात. त्यात चरबीबरोबर द्रवही असतो आणि एक लिटर चरबी भरते सुमारे ९०० ग्रॅम. म्हणजे काट्यावर फार तर चारेक किलोंचा फरक.

शिवाय नळीने निघते ती फक्त त्वचेखालची, चिमटीत धरता येणारी चरबी. पोट मोठं, टणक असेल आणि चिमटीत फारसं काही येत नसेल, तर बरीचशी चरबी आत आतड्यांभोवती असण्याची शक्यता जास्त. मधुमेह आणि हृदयविकाराशी जास्त निगडित तीच, आणि तिला हात लागत नाही.

काढलेल्या पेशी परत येत नाहीत, एवढं खरं. पण उरलेल्या पेशी फुगतात, त्यामुळे वजन वाढलं तर चरबी दुसरीकडे दिसू लागते.

ही खरीखुरी शस्त्रक्रिया आहे. रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाणं, जंतुसंसर्ग, भूल देण्याच्या औषधाचा त्रास हे धोके क्वचित, पण गंभीर. वजन स्थिर, त्वचा लवचिक आणि चरबी एखाद्याच ठिकाणी हटून बसलेली असेल, तर मात्र हा पर्याय रास्त आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचारा: किती लिटर काढणार? भूल कोण देणार? गुंतागुंत झाली तर अतिदक्षता विभाग कुठे आहे? उत्तरं टाळली गेली, तर दुसऱ्या प्लास्टिक सर्जनचं मत घ्या.